नागपूरच्या रेडिओ-इतिहासाचे संशोधन कसे करावे

महात्मा गांधींच्या हत्येची बातमी आपण "नागपूर रेडिओवर" ऐकली, असे एखादे ज्येष्ठ नागपूरकर सांगू लागले, तर त्यांना तिथल्या तिथे चुकीचे ठरवण्याची घाई करू नये, आणि ते विधान वहीत उतरवून तसेच छापूही नये. ती घटना ३० जानेवारी १९४८ ची, आणि ऑल इंडिया रेडिओचे नागपूर केंद्र सुरू झाले १६ जुलै १९४८ रोजी, म्हणजे साडेपाच महिन्यांनंतर. आजोबांनी बातमी रेडिओवर ऐकली असेल आणि नागपुरातच ऐकली असेल; पण तो आवाज दुसऱ्या केंद्राचा होता आणि पुढच्या आयुष्यात केव्हातरी "नागपुरात रेडिओवर" याचे "नागपूर रेडिओवर" झाले. सप्तमीचा एक प्रत्यय गळला आणि एक केंद्र सहा महिने आधी सुरू झाले.

रेडिओच्या इतिहासात असे वारंवार घडते, कारण ज्याचा इतिहास लिहायचा ती वस्तू उच्चारल्याबरोबर विरून गेलेली असते. हाती उरतात त्या तीन वेगळ्या जातींच्या खुणा: काय प्रसारित होणार होते हे सांगणारा छापील कागद, काय प्रसारित झाले हे नोंदवणारा कार्यालयीन कागद, आणि काय ऐकले हे सांगणारी श्रोत्याची आठवण. नागपूरच्या प्रसारणावर काम करू पाहणाऱ्या विद्यार्थ्याने, पत्रकाराने किंवा हौशी अभ्यासकाने प्रत्येक टप्प्यावर स्वतःला विचारायचे ते एवढेच, की आपल्या हातातली खूण या तिन्हींपैकी कोणती आहे.

प्रश्न आवळून घ्यावा

"नागपूर आकाशवाणीचा इतिहास" हा विषय आहे, प्रश्न नव्हे. तो घेऊन वाचनालयात गेल्यास पहिल्या आठवड्यात उत्साह असतो आणि चौथ्या आठवड्यात वह्या. त्याऐवजी एका काळाचा, एका प्रकारच्या कार्यक्रमाचा किंवा एका वर्गाच्या श्रोत्यांचा प्रश्न घ्यावा. नागपुरापुरते बोलायचे तर चांगल्या प्रश्नांची वाण नाही.

उदाहरणार्थ, १ नोव्हेंबर १९६७ रोजी विविध भारतीवर व्यापारी जाहिराती प्रायोगिक स्वरूपात सुरू झाल्या, त्या मुंबई, पुणे आणि नागपूर या तीन केंद्रांवरून. दिल्ली किंवा कलकत्त्याच्या आधी हा मान नागपूरला मिळाला, ही गोष्ट खुद्द नागपुरातही फारशी बोलली जात नाही. त्या पहिल्या दोन वर्षांत सीताबर्डी, इतवारी आणि महाल येथील कोणत्या पेढ्यांनी जाहिराती दिल्या, त्या मराठीत होत्या की हिंदीत, आणि त्याच पेढ्यांच्या वर्तमानपत्रातल्या जाहिराती त्या काळात कमी झाल्या का, हा सहा महिन्यांत हाती लागण्याजोगा प्रश्न आहे.

दुसरा प्रश्न भाषेचा. केंद्र सुरू झाले तेव्हा नागपूर ही मध्य प्रांत व वऱ्हाड या द्विभाषिक प्रांताची राजधानी होती. हिंदीचे मोठे कवी गजानन माधव मुक्तिबोध नागपुरात असताना काही काळ याच केंद्रात नोकरीला होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. राजधानी गेल्यावर केंद्रावरील हिंदी आणि मराठी कार्यक्रमांच्या वेळांचे प्रमाण कसे बदलले, हे मोजता येते. मात्र मोजणीची पद्धत आधी ठरवावी लागते. मिनिटे मोजायची की कार्यक्रम, आणि शास्त्रीय गायनाची भाषा कोणती धरायची, अशा प्रश्नांची उत्तरे काम निम्म्यावर आल्यावर ठरवली, तर मागचे सगळे पुन्हा मोजावे लागते.

तिसरा प्रश्न १९४८ च्या आधीचा असू शकतो. मुंबईचे केंद्र २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीने सुरू केले, परंतु त्याचा प्रक्षेपक अवघा १.५ किलोवॅटचा होता. मध्यम लहरी दिवसा जमिनीला धरून प्रवास करतात आणि लवकर क्षीण होतात. सूर्य मावळला की वातावरणाच्या वरच्या, विद्युतभारित थरांवरून परावर्तित होऊन त्या शेकडो किलोमीटर दूर पोहोचतात. मुंबई-नागपूर हे सरळ रेषेतले अंतर सुमारे ७०० किलोमीटर आहे. त्यामुळे "१९२७ पासून नागपुरात रेडिओ ऐकला जाऊ लागला" असे वाक्य लिहिण्याआधी, कोण, कोणत्या संचावर आणि रात्री किती वाजता ऐकत होते, याचा पुरावा हवा. लघुलहरींवरचे प्रक्षेपक १९३७-३८ मध्ये आले आणि दूरवरच्या शहरांचे ऐकणे त्यानंतर बदलले. तेव्हा १९३० ते १९४८ या काळातला नागपुरी श्रोता हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे, केंद्राच्या इतिहासाची प्रस्तावना नव्हे.

कालपट आधी, वाचन नंतर

एका मोठ्या कागदावर तारखांचा सांगाडा तयार करून तो कायम सोबत ठेवावा. त्याचा उपयोग शोभेपेक्षा शोधासाठी अधिक आहे, कारण संस्थेचे नाव आणि तिचे खाते बदलत गेले असून चुकीच्या नावाने शोधल्यास फाइल सापडत नाही. खासगी कंपनी मार्च १९३० मध्ये बुडाली. १ एप्रिल १९३० पासून सरकारने कारभार हाती घेतला आणि नाव झाले इंडियन स्टेट ब्रॉडकास्टिंग सर्व्हिस. ८ जून १९३६ रोजी ऑल इंडिया रेडिओ हे नाव आले. हा विषय आरंभी उद्योग व श्रम खात्याकडे होता, नोव्हेंबर १९३७ पासून दळणवळण खात्याकडे आणि १९४१ पासून माहिती व प्रसारण खात्याकडे. प्रसार भारती प्रत्यक्षात आली ती २३ नोव्हेंबर १९९७ रोजी, जरी तिचा कायदा १९९० चा असला तरी.

"आकाशवाणी" या नावाबद्दल मात्र सावध राहावे. म्हैसूरला एम. व्ही. गोपालस्वामी यांनी १९३५ मध्ये सुरू केलेल्या खासगी केंद्राशी हा शब्द जोडलेला आहे, आणि सरकारी सेवेने तो स्वीकारल्याचे वर्ष काही ग्रंथांत १९५६ तर काहींत १९५७ असे दिलेले आहे. असे दोन आकडे समोर आले की आपल्याला पटेल तो निवडण्याचा मोह होतो. तसे न करता दोन्ही आकडे, ते कुठे मिळाले त्यासह, कालपटावर ठेवावेत आणि मूळ परिपत्रक किंवा त्या दिवसाचे वर्तमानपत्र मिळेपर्यंत एकालाही खोडू नये.

जुनी मराठी वर्तमानपत्रे चाळताना शब्दांचीही अशीच यादी जवळ ठेवावी. "रेडिओ" हा एकच शब्द डोळ्यांनी शोधत गेल्यास अर्ध्या बातम्या निसटतात, कारण तीच गोष्ट नभोवाणी, ध्वनिक्षेपण किंवा बिनतारी अशा नावांनी येते. नाटकांच्या बाबतीत श्रुतिका आणि नभोनाट्य हे दोन्ही शब्द पाहावे लागतात.

छापील कार्यक्रमपत्रिका: आश्वासनाचा कागद

नागपुरात बसून सगळ्यात लवकर हाती लागणारे साधन म्हणजे ऑल इंडिया रेडिओचे इंग्रजी कार्यक्रम-नियतकालिक "द इंडियन लिसनर". जुलै १९२७ मध्ये सुरू झालेल्या "इंडियन रेडिओ टाइम्स"चा हा वारसदार. त्याचा पहिला अंक २२ डिसेंबर १९३५ चा. तेव्हा ते पाक्षिक होते, ३ जुलै १९४९ पासून साप्ताहिक झाले आणि ५ जानेवारी १९५८ पासून "आकाशवाणी" या नावाने निघू लागले. याचे असंख्य अंक इंटरनेट आर्काइव्हवर पूर्ण स्वरूपात मोफत पाहता येतात. केंद्रनिहाय आणि दिवसनिहाय कार्यक्रम, कलाकारांची नावे, राग, भाषणांचे विषय आणि लहरींचे तपशील त्यांत असतात.

हे अंक वापरताना आधी एक संपूर्ण अंक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, जाहिरातींसह वाचावा. रचना ध्यानात आल्यावरच शोधपेटीत इंग्रजीत "Nagpur" टाइप करावे, कारण संगणकाने ओळखलेल्या मजकुरात चुका फार असतात. स्तंभांची सरमिसळ होते आणि एका केंद्राचा गायक दुसऱ्या केंद्राच्या खात्यावर जमा होतो. मराठी नावांची इंग्रजी वर्तनीही एकसारखी नसते, तेव्हा एकाच गायिकेसाठी तीन-चार वर्तन्या शोधाव्या लागतात. सलग वर्षे वाचणे शक्य नसेल तर दरवर्षीचा एक ठरावीक आठवडा घ्यावा, उदाहरणार्थ ऑगस्टचा पहिला पूर्ण आठवडा; मात्र गणेशोत्सव किंवा दिवाळीचा आठवडा नमुना म्हणून घेऊ नये, कारण त्या दिवसांचे कार्यक्रम नेहमीचे नसतात.

आणि हे सतत लक्षात ठेवावे, की कार्यक्रमपत्रिका हे आश्वासन आहे. अंक छापून टपालात पडल्यानंतर कलाकार आजारी पडतो, प्रक्षेपक बंद पडतो, देशात काही घडते. २७ मे १९६४ रोजी दुपारी पंडित नेहरूंचे निधन झाले. त्या दिवशीच्या संध्याकाळच्या सभेसाठी, म्हणजे प्रसारण-सत्रासाठी, छापलेला कार्यक्रम वाचून कोणी "त्या संध्याकाळी नागपूर केंद्रावरून सुगम संगीत प्रसारित झाले" असे लिहिले, तर ते वाक्य संदर्भासह असूनही चूक असेल. राष्ट्रीय दुखवटे, युद्धे आणि निवडणुका यांच्या तारखा म्हणूनच कालपटावर वेगळ्या रंगाने लिहून ठेवाव्यात.

छापलेले खरोखर प्रसारित झाले का, याचा पुरावा बहुधा वर्तमानपत्रांत मिळतो. नागपूरची पत्रकारिता या कामाला फार अनुकूल आहे: गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये सुरू केलेले इंग्रजी "हितवाद", मराठीत "तरुण भारत", आणि १९३८ पासूनचे हिंदी "नवभारत", अशा तीन भाषांतल्या फायली ताडून पाहता येतात. एकाच दिवसाची बातमी तिन्हींत वाचावी. इंग्रजी पत्रात उद्घाटनाला कोण मान्यवर आले याची यादी सापडेल, तर मराठी आणि हिंदी पत्रांच्या वाचकपत्रांत आपल्या भाषेला किती वेळ मिळाला याच्या तक्रारी सापडण्याची शक्यता अधिक. संपादकीयापेक्षा वाचकांचा पत्रव्यवहार श्रोत्याच्या जवळ असतो, असा माझा अनुभव आहे. "रात्री साडेनऊनंतर खरखर फार येते" या एका ओळीतून कळते तेवढे अहवालाच्या दहा पानांतून कळत नाही.

तारखेची खात्री करण्याची एक साधी सवय लावून घ्यावी: प्रत्येक तारखेचा वार काढावा. १६ जुलै १९४८ हा शुक्रवार होता. एखाद्या आठवणीत "रविवारी उद्घाटन झाले, सुट्टी होती म्हणून आम्ही गेलो" असे आले, तर एक तर तारीख वेगळी आहे किंवा समारंभ वेगळा आहे, आणि दोन्ही शक्यता तपासण्याजोग्या आहेत.

रेडिओवर वाचली गेलेली भाषणे आणि कथा लेखक पुढे नियतकालिकांत देत असत. त्यामुळे विदर्भ साहित्य संघाच्या "युगवाणी"चे जुने अंक आणि त्या काळातले दिवाळी अंक चाळावेत. तळटीपेत "आकाशवाणीच्या सौजन्याने" असे शब्द दिसले की हरवलेल्या कार्यक्रमाची संहिता हाती आली असे समजावे. ती छापताना बदललेली असू शकते, हा भाग वेगळा.

सरकारी कागद कुठे शोधावेत

येथे नागपूरच्या अभ्यासकाची हमखास फसगत होते. केंद्र नागपुरात आहे, तर कागदही नागपुरात असतील असे वाटते. प्रत्यक्षात प्रसारण हा केंद्र सरकारचा विषय, त्यामुळे केंद्रस्थापना, जागा, यंत्रसामग्री आणि नेमणुका यांच्या धोरणविषयक फायली दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात शोधाव्या लागतात. तेथील "अभिलेख पटल" या संकेतस्थळावर घरबसल्या सूची पाहता येते आणि अनेक फायली पडद्यावर वाचताही येतात. शोधताना वर दिलेली खात्यांची नावे वर्षानुसार वापरावीत. संसदेच्या संकेतस्थळावरील प्रश्नोत्तरे हाही एक दुर्लक्षित खजिना आहे. नागपूर केंद्राची शक्ती केव्हा वाढणार, विदर्भातल्या श्रोत्यांना मुंबई का ऐकू येत नाही, अशा जातीच्या प्रश्नांना मंत्र्यांनी दिलेली उत्तरे तारखेसह आणि आकड्यांसह छापलेली असतात.

राज्याच्या कागदांचा उपयोग मुख्यतः ऐकण्याच्या बाजूने होतो. १९५० च्या दशकात गावोगावी सामूहिक श्रवणासाठी रेडिओ संच बसवण्याची योजना केंद्र सरकारच्या अनुदानावर राज्य सरकारे राबवत होती. संच कोणत्या गावाला मिळाला, बॅटरी कोणी बदलायची, बिघडल्यास जबाबदारी कोणाची, हा सारा पत्रव्यवहार राज्याच्या आणि जिल्ह्याच्या पातळीवरचा आहे. त्यासाठी नागपूरचे विदर्भ अभिलेखागार पाहावे. १९५६ मध्ये प्रांताची विभागणी झाल्यामुळे १९४८ ते १९५६ या वर्षांसाठी भोपाळच्या अभिलेखागारातही विचारणा करावी लागते. अभिलेखागाराकडे जाण्यापूर्वी संशोधनाचा विषय, कालखंड आणि संस्थेचे पत्र यांसह अर्ज तयार ठेवावा, आणि जमल्यास मे महिना टाळावा. पंचेचाळीस अंशांत कापडात बांधलेल्या फायली सोडणे कागदालाही सोसत नाही आणि माणसालाही.

खुद्द केंद्राकडे सिव्हिल लाइन्सला जाताना काय मागायचे हे त्यांच्या भाषेत माहीत असावे. "जुनी माहिती द्या" असे म्हटल्यास कोणालाच काही देता येत नाही. दिवसाचे प्रसारण सभांमध्ये विभागलेले असते. प्रत्येक सभेचा क्यू शीट, म्हणजे कार्यक्रमांचा क्रम आणि वेळा लिहिलेला कागद, असतो, आणि ड्यूटी रूममध्ये ड्यूटी ऑफिसर लॉगबुकात लिहितो की अमुक कार्यक्रम इतक्या वाजता सुरू झाला, अमुक टेप मध्येच थांबली, तमुक वक्ता आला नाही. कायम वेळांचा तक्ता फिक्स्ड पॉइंट चार्ट म्हणून ओळखला जातो. कार्यक्रमपत्रिका आश्वासन असेल, तर लॉगबुक ही साक्ष आहे. मात्र सरकारी कार्यालयांत अशा नोंदी ठरावीक मुदतीनंतर नष्ट करण्याचे नियम असतात, तेव्हा फार जुने लॉगबुक मिळेल अशी आशा बाळगू नये. मिळाल्यास परवानगी घेऊन प्रत्येक पानाचे छायाचित्र घ्यावे.

आधी साधे, आदराने लिहिलेले पत्र द्यावे. माहितीचा अधिकार हे हत्यार शेवटचे, कारण अर्ज येताच समोरचा माणूस मदतनीस राहत नाही, जन माहिती अधिकारी होतो. तरीही वापरायची वेळ आल्यास २००५ च्या कायद्याखाली १० रुपये शुल्कासह अर्ज करता येतो, ३० दिवसांत उत्तर अपेक्षित असते, आणि २० वर्षांपूर्वीच्या घटनांबाबत माहिती नाकारण्याची बरीचशी कारणे कायद्यानेच बाद केलेली आहेत. अर्जात "सर्व माहिती" मागू नये. नोंदवहीचे नाव, वर्ष आणि महिना लिहावा.

घरातले कागद

सर्वांत रंजक साधने पेटीत, माळ्यावर आणि रद्दीत असतात. रेडिओ घरात ठेवायला परवाना लागत असे आणि तो टपाल कार्यालयातून मिळत असे, हे आजच्या विद्यार्थ्यांना पटवून द्यावे लागते. १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत ही पद्धत चालू होती. त्या परवान्याच्या पुस्तिकेवरील मालकाचे नाव, पत्ता, संचाची कंपनी आणि दरवर्षीच्या नूतनीकरणाची तिकिटे किंवा शिक्के यांवरून एका कुटुंबात रेडिओ केव्हा आला आणि केव्हा बदलला हे वर्षाच्या अचूकतेने सांगता येते. अशा वीस-पंचवीस पुस्तिका धंतोली, महाल, जरीपटका आणि उत्तर नागपुरातल्या वस्त्यांतून गोळा झाल्या, तर रेडिओ कोणाच्या घरात आधी पोहोचला याचा नकाशाच तयार होईल. छापताना मालकाचे नाव आणि घर क्रमांक झाकायला विसरू नये.

कलाकारांच्या घरी करारपत्रे जपलेली असतात: तारीख, वेळ, मिनिटे, मानधन आणि श्रेणी. "बी हाय" श्रेणी मिळाल्याचे पत्र चौकटीत लावून ठेवलेले कुटुंब मी पाहिले आहे. अशा कागदावरून दोन गोष्टी ताडता येतात. एक, कार्यक्रमपत्रिकेतील नोंद. दुसरी, त्या काळचे धोरण. उदाहरणार्थ, हार्मोनियमवर ऑल इंडिया रेडिओने १९४० मध्ये बंदी घातली आणि ती १९७१ पर्यंत टिकली. तेव्हा १९५५ मध्ये आपल्या वडिलांनी नागपूर केंद्रावर पेटीवादन केले असे कोणी सांगितले, तर करारपत्र पाहिल्याशिवाय ते लिहू नये. कदाचित ते सारंगीच्या साथीचे कार्यक्रम असतील, कदाचित तो जाहीर संगीत जलसा असेल.

लहरींच्या आकड्यांवरून काळ ओळखणे

तारीख नसलेला कागद, जाहिरात किंवा श्रोत्याची वही सापडली, तर लहरींचे आकडे काळ सांगतात. जुन्या कागदांत लहरीची लांबी मीटरमध्ये असते, नंतरच्यांत वारंवारिता किलोसायकलमध्ये आणि त्यानंतर किलोहर्ट्झमध्ये. रूपांतर सोपे आहे: ३,००,००० ला मीटरने भागले की किलोहर्ट्झ मिळतात आणि किलोहर्ट्झने भागले की मीटर. नागपूरचे ५८५ किलोहर्ट्झ म्हणजे सुमारे ५१२.८ मीटर.

याहून उपयोगी कसोटी भागाकाराची आहे. आशिया, युरोप आणि आफ्रिकेतील मध्यम लहरींची नवी आंतरराष्ट्रीय वाटणी २३ नोव्हेंबर १९७८ पासून अमलात आली आणि तेव्हापासून केंद्रांच्या वारंवारिता ९ च्या पटीत बसवल्या गेल्या. ५८५ ला ९ ने भागले की ६५ येतात. १५६६ ला भागले की १७४. म्हणून भारतीय मध्यम लहरीचा आकडा ९ ने नि:शेष भागला न जाता ० ने संपत असेल, तर तो कागद बहुधा त्या तारखेपूर्वीचा आहे. मूळ तारखेचा पत्ता नसलेल्या कागदांचे दोन गठ्ठे करायला एवढी कसोटी पुरते. ९० च्या पटीतले आकडे मात्र या कसोटीला दाद देत नाहीत.

वर आलेला १५६६ हा आकडाही नागपूरचाच आहे. १८ मे १९८८ रोजी रात्रीची राष्ट्रीय वाहिनी सुरू झाली ती नागपूरजवळच्या बुटीबोरीच्या १,००० किलोवॅट शक्तीच्या प्रक्षेपकावरून. इतक्या शक्तीचे प्रसारण देशाबाहेरही ऐकू जाते, आणि दूरची केंद्रे पकडण्याचा छंद असलेले श्रोते ऐकल्याचा अहवाल पाठवून केंद्राकडून पोचकार्ड मागवतात. ही कार्डे आणि त्यांच्या वह्या म्हणजे नागपूरच्या आवाजाचे परक्या देशांतले साक्षीदार आहेत. त्यांत तारीख, वेळ आणि ग्रहणाची प्रत काटेकोरपणे नोंदलेली असते. प्रक्षेपकाच्या शक्तीचे दावे तपासायला यापेक्षा निःपक्षपाती साधन नाही.

मुलाखती

मुलाखत कागदांनंतर घ्यावी, आधी नव्हे. आपल्याजवळ १९६२ च्या एका आठवड्याचे कार्यक्रम छापील स्वरूपात असतील, तर ते निवृत्त उद्घोषकासमोर ठेवून "काका, या आठवड्यात तुमची ड्यूटी कोणत्या सभेला असायची?" असे विचारता येते, आणि मग आठवण कागदाला धरून चालते. रिकाम्या हाताने गेल्यास "तो काळ फार सुंदर होता" यापलीकडे संभाषण जात नाही.

मोठ्या प्रश्नांपेक्षा वस्तूंचे प्रश्न विचारावेत: संच घरात कुठे ठेवला होता, एरियलची तार कशाला बांधली होती, आवाज कमी-जास्त करण्याचा अधिकार कोणाचा होता, शेजारचे ऐकायला येत का, बाईमाणसांना कोणत्या वेळी ऐकायला मिळे. घरातील आजींची मुलाखत आजोबांपासून वेगळी घ्यावी. एकत्र बसले की बोलतात आजोबाच, आणि दुपारची सभा ऐकलेली असते आजींनी.

आठवणीतील गल्लती ठरावीक प्रकारच्या असतात आणि त्या ओळखता येतात. केंद्रांची अदलाबदल सर्वांत जास्त होते: बिनाका गीतमाला साठच्या दशकात विविध भारतीवर ऐकली असे अनेकजण सांगतात, पण तो कार्यक्रम १९५२ पासून रेडिओ सिलोनवर होता आणि विविध भारतीवर १९८९ मध्ये आला. विविध भारतीच मुळात ३ ऑक्टोबर १९५७ ची. अशी चूक दिसली तर मुलाखत देणाऱ्याला दुरुस्त करू नये. उतारा जसाच्या तसा ठेवून दुरुस्ती आपल्या टिपेत द्यावी. चूकही पुरावा असते: लोकांच्या मनात सिलोन आणि विविध भारती एकमेकींत का मिसळल्या, हा स्वतंत्र प्रश्न आहे.

ध्वनिमुद्रणापूर्वी संमती लेखी घ्यावी आणि कोणता भाग प्रसिद्ध करायचा नाही हेही विचारावे. नागपुरातली व्यावहारिक अडचण म्हणजे कूलर. उन्हाळ्यात तो बंद करायला सांगणे क्रूरपणाचे आणि चालू ठेवल्यास मुद्रण निरुपयोगी. सकाळी आठपूर्वीची वेळ घ्यावी.

जुनी टेप मिळाली तर

पहिला नियम: वाजवून पाहू नये. जुन्या अॅसिटेट टेपला व्हिनेगरसारखा वास येत असेल तर तिचे रासायनिक विघटन सुरू झालेले असते. १९७० च्या दशकातील काही पॉलिस्टर टेपांचा थर चिकट होऊन यंत्राच्या हेडवर खरवडला जातो. दोन्ही बाबतींत पहिलेच वाजवणे शेवटचे ठरू शकते. नागपूरच्या घरांत माळ्यावरची उष्णता आणि खालच्या खोलीतील कूलरची ओल, या दोन्हींचा मारा झालेल्या टेपेवर बुरशीही असते. डबा न उघडता बाहेरील सगळा मजकूर, खोडलेल्या अक्षरांसह, टिपून घ्यावा आणि ध्वनिसंवर्धनाचा अनुभव असलेल्या व्यक्तीकडे द्यावी. संगणकीय प्रत करताना २४ बिट आणि ९६ किलोहर्ट्झ या दर्जाची, न दाबलेली (अनकम्प्रेस्ड) फाइल मागावी.

डब्यावरचा कालावधी खरा आहे का, हे हिशेबाने तपासता येते: १,२०० फुटांची टेप सेकंदाला साडेसात इंच या वेगाने ३२ मिनिटे चालते. डब्यावर "श्रुतिका, ६० मिनिटे" असे लिहिलेले असून आत एकच अशी टेप असेल, तर दुसरा भाग हरवला आहे, किंवा मुद्रण घरगुती यंत्रावर कमी वेगाने केलेले आहे.

टेप आपल्या हाती असणे आणि ती प्रसिद्ध करण्याचा हक्क असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार प्रसारणावरील हक्क प्रसारणानंतरच्या वर्षारंभापासून २५ वर्षे आणि ध्वनिमुद्रणावरील हक्क ६० वर्षे टिकतो. लेखक, संगीतकार आणि कलाकार यांचे हक्क निराळे. लेखात उतारा देणे आणि संपूर्ण श्रुतिका यूट्यूबवर चढवणे यांत फरक ठेवावा.

लिहिताना आणि ठेवताना

लेखातल्या क्रियापदांना शिस्त लावावी. केवळ कार्यक्रमपत्रिका पाहिली असेल तर "प्रसारित होणार होते" किंवा "जाहीर झाले होते" असे लिहावे. लॉगबुक, दुसऱ्या दिवशीची बातमी किंवा टेप पाहिली असेल तरच "प्रसारित झाले". मुलाखतीवर आधार असेल तर "ऐकल्याचे सांगतात". मसुदा पूर्ण झाल्यावर फक्त क्रियापदे तपासण्यासाठी एक वाचन राखून ठेवावे. संस्थेचे नावही त्या-त्या काळातले वापरावे. १९४८ च्या उद्घाटनाचे वर्णन करताना "आकाशवाणी नागपूर" असे लिहिले, तर पुढचा अभ्यासक त्या नावाने १९४८ ची फाइल शोधत बसेल.

जमवलेल्या प्रत्येक छायाचित्राला आणि ध्वनिफितीला घेतले त्याच दिवशी नाव द्यावे: वर्ष, महिना, दिवस, कागदाचा प्रकार, कुठे पाहिला, पान क्रमांक. मुलाखतीची एक प्रत ज्यांनी ती दिली त्यांच्या घरी पोहोचवावी आणि एक प्रत, त्यांच्या संमतीने, एखाद्या वाचनालयात किंवा विद्यापीठाच्या ग्रंथालयात ठेवावी. मूळ परवाना-पुस्तिका किंवा करारपत्र छायाचित्र घेऊन त्याच बैठकीत परत करावे, आणि परत केल्याची सही आपल्या वहीत घ्यावी.